तोकडा किलोमीटर

मेश्राम सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते ऑफिसच्या दाराबाहेर छत्री धरून गटाराकडे बघत उभे होते. सिंगापूरच्या बुओना व्हिस्टाला दुपारची सर नुकतीच येऊन गेली होती. लोक लॉबीत बूट झटकत होते, आणि हा ठेंगणा, काळासावळा, पन्नाशी उलटलेला माणूस फुटपाथच्या कडेच्या जाळीत पाणी कसं शिरतंय ते निरखत होता. त्या कंपनीतला माझा तो पहिला दिवस. मला वाटलं, यांची किल्ली-बिल्ली पडली असेल. मी इंग्रजीत विचारलं, काही हरवलंय का? त्यांनी माझ्या गळ्यातल्या कोऱ्या पासवरचं आडनाव वाचलं आणि सरळ मराठीत म्हणाले, "हरवलं काही नाही. पाणी जाऊन राहिलं नं, ते पाहून राहिलो."

मग कुठल्या, कुठे शिकल्या वगैरे झालं. मी पुण्याची म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "तुमच्या घरासमोरच्या रस्त्याचं पाणी कुठं जाते?"

सव्वीस वर्षं मी त्या घरात काढली होती आणि रस्ते-बांधणीची पदवी घेऊन सिंगापूरला आले होते. मला सांगता येईना.

"म्हणजे पत्ता माहीत आहे, रस्ता नाही माहीत," ते म्हणाले. पुण्याच्या माणसाला असं कुणी तोंडावर सांगितलं की जे होतं ते मला झालं. पण ते हसतही नव्हते. छत्री मिटवून, तिचं पाणी त्याच जाळीत झटकून ते आत गेले.

आमची कंपनी रस्त्यांच्या आराखड्यांची तपासणी करते. रस्ते कुठले कुठले असतात, आम्ही मात्र इथे, विसाव्या मजल्यावर, पडद्यासमोर. धूळ लागत नाही, ऊन लागत नाही, फक्त पाठ आणि डोळे जातात. मेश्राम सर तिथे अकरा वर्षं होते. त्यांची बायको नागपुरात शाळेत शिकवायची. हे कॉमनवेल्थ नावाच्या वस्तीत एका चिनी आजींच्या फ्लॅटमध्ये एक खोली भाड्याने घेऊन राहायचे. अकरा वर्षं तीच खोली. आजींना इंग्रजी यायचं नाही, यांना चिनी यायचं नाही. तरी दोघांचं चांगलं जमायचं, कारण दोघांनाही बोलण्याची फारशी हौस नव्हती. वेसाक डेला, म्हणजे इथल्या बुद्धपौर्णिमेला, सर पांढरा शर्ट घालून विहारात जायचे आणि येताना आजींसाठी केळी आणायचे. आजी ती देव्हाऱ्यात ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्यातलीच दोन यांना परत द्यायच्या.

दमलेला माणूस, हे त्यांचं दोन शब्दांतलं वर्णन कुणीही केलं असतं. चालताना खांदे थोडे पुढे, खुर्चीत बसताना एक लांब "हं". कितीही वाजता विचारा, सर, कसे आहात? उत्तर एकच: "चालून राहिलं." आनंदातही तेच, तापातही तेच. सुरुवातीला मला त्याचा राग यायचा. पुढे माझं स्वतःचं त्या पडद्यासमोर तिसरं वर्ष लागलं आणि माझ्याही तोंडून तसलाच "हं" निघायला लागला, तेव्हा राग गेला.

या माणसात जिवंतपणा यायचा तो फक्त जेवणाच्या सुट्टीत. आम्ही घिम मोहच्या हॉकर सेंटरला, खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, जायचो. सर रोज फिश सूप घ्यायचे आणि खिशातून एक जुनी काळी डबी काढायचे. कधीकाळी फोटोचा रोल मिळायचा, त्याची. तिच्यात भिवापुरी मिरचीचं तिखट. चिमूटभर सुपात, चिमूटभर भातावर. मग डबीचं झाकण दोनदा दाबून बघायचं आणि विचारायचं, "काल आपण कुठवर आलो होतो?"

"साकोली," मी म्हणायचे.

"हां. साकोलीच्या पुढं आता."

कारण सर मला एक रस्ता सांगत होते. नागपूरहून निघून पूर्वेला भंडारा, साकोली, देवरी, तिथून राज्याची सीमा ओलांडून राजनांदगाव, दुर्ग, रायपूर आणि तसाच पुढे ओडिशात जाणारा रस्ता. आमच्या पिढीला तो नकाशावरचा एक आकडा. सरांना तो पाठ होता, एखाद्याला घराण्याची वंशावळ पाठ असावी तसा. रोज जेवणाच्या सुट्टीत पाच-सात किलोमीटर. कुठे मोरी आहे, कुठे पुरात बुडणारा रपटा होता तिथे पूल आला, कुठल्या वळणावर धानाचे ट्रक उलटायचे.

"आधी बंजारे," ते सांगायचे. "बैलांच्या पाठीवर मीठ घेऊन जायचे, धान घेऊन यायचे. रस्ता नव्हता, बैलाला पाणी कुठं मिळते ते पाहून वाट पडली. मग इंग्रज आले. त्यानं त्याच वाटेवर मुरूम टाकला, दगड गाडले, आणि मोठं नाव दिलं, ग्रेट ईस्टर्न रोड. मग आपलं राज्य आलं, डांबर आलं, नंबर दिला सहा. आता म्हणे त्रेपन्न. नंबर बदलून राहिले, नाले तेच आहेत."

एकदा मी म्हटलं, "सर, पण सगळा सपाट मुलूख. घाट नाही, बोगदे नाहीत. त्यात इंजिनियरिंग काय?"

चमचा खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अनघाबाई, घाटात पाण्याला कळते कुठं जायचं. बाघनदी ओलांडली की छत्तीसगडचं मैदान लागते, इतकं सपाट, की पाणीही उभं राहून विचार करते. तिथं रस्ता बांधणं म्हणजे पाण्याला समजावणं आहे. घाट कोणीही बांधते."

सह्याद्रीच्या माणसाचा असा पाणउतारा करून त्यांनी शांतपणे सूप संपवलं. मी त्या दिवशी त्यांना बबल टी पाजला. त्यांनी तो अर्धा पिऊन, "यात साबुदाणा काऊन टाकून राहिले?" असं विचारून बाकीचा मला परत दिला.

याच रस्त्यावर, साकोलीच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी, जांभूळटोला नावाचं त्यांचं गाव. आणि सरांचे वडील त्या रस्त्यावर मैलकुली होते. हा शब्दही मी त्यांच्याकडूनच पहिल्यांदा ऐकला. रस्त्याचा ठरावीक तुकडा एका माणसाच्या नावावर. त्याने तिथले खड्डे मुरमाने भरायचे, कडेच्या नाल्या साफ ठेवायच्या, दगडांना चुना लावायचा. पूर्वी मैलावर एक, म्हणून मैलकुली. नंतर मैल जाऊन किलोमीटर आले, तरी माणूस मैलकुलीच राहिला.

तर त्या तुकड्यातला एक किलोमीटर तोकडा होता. झालं असं, की नाल्याजवळ रस्त्याला एक मोठं वळण होतं. नवा पूल बांधताना वळण कापून रस्ता सरळ केला. अंतर कमी झालं. पण पुढचे शेकडो दगड उपटून नव्याने कोण गाडणार? म्हणून ते होते तिथेच राहिले. दोन दगडांमध्ये जिथे हजार मीटर हवे, तिथे सहाशेच्या आसपास उरले. रस्त्यांच्या दुनियेत हे सर्रास चालतं, असे तोकडे किलोमीटर सगळीकडे असतात. कागदावर एक टीप लिहितात आणि पुढे जातात.

"बाबानं दोर घेऊन मोजला," सर सांगत होते. "मी दुसरीत होतो. दोराचं एक टोक मी धरलं. मग बाबा साहेबाकडे गेले. म्हणे, साहेब, माझा किलोमीटर तोकडा आहे. साहेब हसला. म्हणे, अरे, तुझं काम कमी झालं, तुला काय दुखते? बाबा म्हणाले, पगार पुऱ्याचा घेतो नं मी."

"मग?"

"मग काय. तेवढा पुढच्या मैलकुलीचा तुकडा बाबा साफ करायचे. रिटायर होईपर्यंत. तो पुढचा मैलकुली आधी भांडायला आला, की माझी नोकरी खाऊन राहिला का म्हणून. मग त्याला सवय झाली. मग तो बिडी पीत बसायचा आणि बाबाले सांगायचा, तिकडं राहिलं बघ थोडं गवत."

मी खूप हसले. तेही हसले, जे क्वचित घडायचं. ही गोष्ट त्यांनी मला निदान चार वेळा सांगितली असेल. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात मला 'माहीत नव्हतं' असं म्हणायची सोय नाही.

सरांच्या अंगात बाप किती मुरला होता ते पुलाउ उबीन बेटावर कळलं. ऑफिसची सहल होती. बंबोटीतून, म्हणजे छोट्या लाकडी बोटीतून, उतरून सगळ्यांनी सायकली भाड्याने घेतल्या. सर म्हणाले, मी पायी येतो. आम्ही पुढे गेलो, नारळपाणी प्यालो, फोटो काढले. तासाभराने परत येतो तर सर रस्त्याच्या कडेला पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मोरीत उतरलेले, आणि दोन्ही हातांनी कुजलेली पानं बाहेर काढताहेत. बूट आणि मोजे शेजारी नीट मांडून ठेवलेले. आमची एचआरची मेलिसा किंचाळलीच, "अंकल! डोन्ट लाह! देअर गॉट पीपल टू डू धिस वन!"

सर म्हणाले, "येस, येस. टुडे आय अ‍ॅम द पीपल."

माझा मुलगा निनाद तेव्हा सात वर्षांचा, सहलीला बरोबर आला होता. तो सायकल टाकून मोरीपाशी जाऊन बसला. सरांनी शेवटचा पानांचा गठ्ठा ओढला आणि तुंबलेलं पाणी भसकन पलीकडे गेलं. निनादने टाळ्या वाजवल्या. परतताना बोटीत त्याने मला विचारलं, "आई, अंकल्स जॉब इज टू लेट द वॉटर गो, इझ इट?" मी हो म्हटलं.

आता ती गोष्ट, जी सांगायचं मी दोन वर्षं टाळते आहे.

तोच रस्ता आमच्या कंपनीकडे आला. म्हणजे त्या रस्त्याच्या रुंदीकरणातल्या काही राहिलेल्या गावांचे आराखडे तपासायला आले: कुठे सेवा रस्ता हवा, कुठे लोकांना ओलांडायला खालून बोगदा हवा. ज्या दिवशी फाइल उघडली त्या दिवशी सर जेवायला आले नाहीत. मी त्यांच्या टेबलापाशी गेले तर ते पडद्यावर एक एक शीट सरकवत बसले होते, आणि ओठ हलत होते. त्यांच्याच भाषेत सांगायचं तर ते घरी जाऊन राहिले होते.

पण जांभूळटोल्याची शीट आली तशी त्यांनी ती बंद केली आणि मला बोलावलं. "हे गाव तू कर."

"का सर? तुम्हाला तर तिथला दगड न् दगड—"

"म्हणूनच. आपलं गाव आलं की माणसाचा हात वाकडा होते. माझी बहीण राहते तिथं, भाचे राहतात. उद्या कोणी म्हणन, मेश्रामनं आपल्या दारात बोगदा काढून घेतला. तू कर, मी न पाहता सही करतो."

असा त्यांचा प्रामाणिकपणा. बाप पगारापुरतं काम भरून काढायला दुसऱ्याचं गवत उपटायचा, आणि मुलगा आपल्या गावाचा कागद बघायचा नाही.

जांभूळटोल्याची शाळा रस्त्याच्या एका बाजूला आणि गाव दुसऱ्या बाजूला. मूळ आराखड्यात बोगदा नव्हताच. ग्रामपंचायतीने अर्ज केला होता आणि तो मंजूर होऊन अगदी शेवटी यादीत शिरला होता. अर्जात जागा लिहिली होती गावकरी लिहितील तशी: अमुक किलोमीटरच्या दगडापासून पुढे इतक्या पावलांवर, शाळेसमोर. आराखड्यात मात्र जागा लिहितात साखळी क्रमांकाने, म्हणजे रस्त्याच्या आरंभापासून उपग्रहाने मोजलेल्या खऱ्या अंतराने. दगडाचा आकडा आणि साखळी क्रमांक एकच असतात असं धरून चालायचं नसतं, हे पहिल्या वर्षात शिकवतात. मी धरलं. दगडावरचा आकडा घेतला आणि जसाच्या तसा साखळी क्रमांकाच्या रकान्यात घातला. तोकडा किलोमीटर त्या दगडाच्या अलीकडेच होता, म्हणजे दगडावरचा आकडा खऱ्या अंतराहून चारशे मीटर जास्त. माझा बोगदा शाळेच्या चारशे मीटर पुढे जाऊन पडला.

उपग्रहाचं चित्र उघडून बघायला दोन मिनिटं लागली असती. शाळेचं छप्पर, मैदान, सगळं दिसलं असतं. पण त्या आठवड्यात ऑफिसात माणसं कमी करत होते. रोज कुणाचं तरी टेबल रिकामं व्हायचं. माझा इथे काम करायचा पास तीन महिन्यांनी संपणार होता आणि निनादची शाळा नुकती बदलली होती. मी शीटमागून शीट संपवत होते. जांभूळटोला हे नाव वाचून मला गंमतसुद्धा वाटली, सरांचं गाव म्हणून. गोष्ट आठवली नाही. सरांनी न पाहता सही केली.

सव्वा वर्षाने त्यांच्या बहिणीचा फोन आला. दुपारची वेळ, आम्ही घिम मोहला बसलो होतो. सरांनी फोन स्पीकरवर टाकला, कारण त्यांना एका कानाने कमी ऐकू यायचं.

"भाऊ," बहीण म्हणाली, "आपल्या गावचा बोगदा धानाच्या बांधीत काऊन काढून राहिले? शाळा इकडं, बोगदा तिकडं. पोट्टे तिकडं कायले जातीन?"

सरांनी दोन प्रश्न विचारले. कुठल्या दगडापाशी, आणि छत टाकलं का. छत टाकून झालं होतं. त्यांनी फोन ठेवला. सुपात चमचा तसाच होता. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला त्याच क्षणी समजलं.

"मी आजच सांगते," मी म्हटलं. "शीट माझी होती."

"सही माझी आहे."

"पण सर—"

"ऐक. तू बोलली तर दोघांचे पास जातीन. बोगदा एक इंचही हलणार नाही. मग कायले बोलते?"

हा हिशेब बिनतोड होता, आणि मी तो किती पटकन स्वीकारला ते मला आजही आठवतं. मी दोनदा 'पण' म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं नाही.

सरांनी कंपनीत सांगितलं. कंपनीचं म्हणणं पडलं, की आपलं काम फक्त तपासणीचं, ते संपलंय, आपणहून काही लिहून द्यायचं नाही. बैठकीत मीही होते, कोपऱ्यात, लॅपटॉप उघडून. कंपनीचे साहेब समजुतीने बोलत होते. इतक्या मोठ्या कामात एवढं इकडेतिकडे होतंच, मिस्टर मेश्राम. सर नेहमीसारखेच खांदे पुढे काढून बसले होते. ते म्हणाले, "सर, चिल्ड्रन विल नॉट वॉक फोर हंड्रेड मीटर्स अँड कम बॅक फोर हंड्रेड. दे विल रन अ‍ॅक्रॉस. आय वॉज सच अ चाइल्ड." साहेबांनी पुढचा विषय काढला. मी तोही टिपून घेतला.

त्यांनी स्वतःच्या नावाने तिकडच्या महामार्ग खात्याला पत्र लिहिलं. चूक काय, कशी झाली, तोकडा किलोमीटर कुठला, आणि 'ही चूक माझी आहे', खाली त्यांची सही. तिकडून यथावकाश उत्तर आलं, की बोगदा बांधून झाला आहे, दुसरा प्रस्तावित करता येईल, तूर्तास शाळेसमोर दुभाजकात ओलांडण्यापुरती जागा ठेवली आहे. 'तूर्तास' हा शब्द त्यांनी मला बोट ठेवून दाखवला. "बाबाच्या नोकरीत हाच शब्द सगळ्यात जास्त वर्षं टिकला," म्हणाले.

त्यांचा करार वाढवला गेला नाही. कारण अर्थातच वेगळं लिहिलं होतं. पास संपला की आवरायला महिनाभर मिळतो. अकरा वर्षांचं सामान दोन बॅगांत बसलं. आजींनी त्यांना लाल कागदात गुंडाळून चार संत्री दिली. मी निरोपाला कॉमनवेल्थला गेले होते. खूप काही बोलायचं ठरवून गेले होते. एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, जिन्यापाशी मी म्हटलं, "सर, मला माफ करा."

ते थोडे वैतागलेच. "माफ काय करायचं? थकलेल्या माणसाकडून चूक होते. मी थकलो होतो म्हणून पाहिलं नाही, तू थकली होती म्हणून पाहिलं नाही. मी नाव दिलं प्रामाणिकपणाचं, एवढाच फरक." मग बॅग उचलत म्हणाले, "निनादला सांग, पाण्याकडे लक्ष ठेव म्हणावं." जिना चढताना त्यांचा तो लांब "हं" मला खालपर्यंत ऐकू आला.

त्यानंतर फोन व्हायचे, पण तुटक. ते नागपुरात फार टिकले नाहीत, गावीच जाऊन राहिले. बायको सुट्टीत तिकडे जाते. तब्येत कशी? चालून राहिलं. दुसऱ्या बोगद्याचं काय? कागद फिरून राहिले.

गेल्या महिन्यात मी त्यांना व्हिडिओ कॉल केला. आमचं पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, मंजूर झाल्याचं पत्र त्या सकाळी आलं होतं. आता पासची टांगती तलवार नाही, कंपनी गेली तरी देश सोडायला नको. आईला सांगितलं, सासूबाईंना सांगितलं. आणि मला वाटलं, सरांना सांगायला हवं. का वाटलं, ते विचारू नका. जेवणाच्या सुट्टीत घिम मोहला बसले आणि फोन लावला. इकडे एक वाजला होता, तिकडे साडेदहा.

सरांचा चेहरा आला. दाढी वाढलेली, डोक्याला गमछा, मागे ऊन. "बोल अनघाबाई," म्हणाले, आणि लगेच, "थांब. पाच मिनिटं थांब. शाळेची वेळ आहे." फोन त्यांनी बंद केला नाही, शर्टाच्या खिशात टाकला. कॅमेरा बाहेरच्या बाजूला, खिशाच्या वर निघालेला. मला रस्ता दिसायला लागला.

पहिल्यांदाच मी तो रस्ता पाहत होते, इतकी वर्षं ऐकलेला. सपाट, पांढरा, उन्हात तापलेला, दोन्हीकडे रुंद. पलीकडे शाळेचं निळं छप्पर. मधे दुभाजकात फट. ट्रकचा आवाज आला आणि चित्र हललं. सर रस्त्यात उतरले होते. त्यांचा उजवा हात पडद्याच्या कडेने वर गेला, पंजा उघडा. "थांब बे! हळू! पोट्टे चालले!" ब्रेकचा आवाज आला. मग त्यांच्या पोटासमोरून मुलं जायला लागली. फक्त डोकी दिसत होती आणि दप्तरं. एक डोकं, दोन, चारजणींचा घोळका. सर दमल्या आवाजात मोजत होते. हात तसाच वर. पलीकडच्या बाजूलाही तसंच, पुन्हा हात, पुन्हा "थांब बे". मग शाळेच्या फाटकापाशी आवाज कमी झाले.

"आता बोल," खिशातून फोन काढून ते म्हणाले. कपाळावर घाम होता. "काय म्हणत होती?"

"रोज उभे राहता?"

"दोन वेळा. आता आणि सुटल्यावर. रविवारी सुट्टी." ते धापा टाकत होते. "तुझं सांग. काही खास?"

पत्र माझ्या पर्समध्ये होतं. ताटातला भात थंड झाला होता.

"काही नाही सर," मी म्हटलं. "सहजच केला."

"बरं केलं. थांब, एक राहिली मागं. ही रोजच उशीर करते." आणि फोन पुन्हा खिशात गेला.

पुन्हा रस्ता. दुरून एक मोठा ट्रक येत होता. गावाकडून एक लहान मुलगी, एका हातात डबा, तिला कसलीच घाई नव्हती. सरांचा श्वास मला माझ्या कानाशी ऐकू येत होता. हात वर गेला. ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला, वाजवत राहिला, आणि थांबला. मुलगी त्या हाताखालून सावकाश पलीकडे गेली.